निनाद, उत्तरेला जाण्याआधी

नाशिक,
रविवार, दुपार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की पुढच्या महिन्यात तुमचं युनिट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला आणि तिथून पुढे आर्नहेम लँड या मूळ रहिवाशांच्या मुलखात जाणार, परमिट हातात आलंय, आणि या वेळी कॅमेरा तुझ्याकडे असणार. मी ‘वा!’ म्हणाले आणि गप्प झाले. तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती. एकदम इतकं बोलावंसं वाटलं की काहीच सुचेना. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

गेल्या दिवाळीत आला होतास तेव्हा एका रात्री तू टीव्हीवर ‘चार्लीज कंट्री’ हा तिकडचा सिनेमा लावून दिलास आणि दहा मिनिटांत सोफ्यावरच झोपलास. मी शेवटपर्यंत बघितला. म्हातारा चार्ली स्वतःच्या हाताने शिकारीसाठी भाला तासतो आणि पोलीस तो हत्यार म्हणून काढून घेतात. पुढे तो तुरुंगात जातो. तिथे त्याचे केस कापतात. पांढरट, दाट केस, कित्येक वर्षांचे. मशीन फिरत राहतं, केस जातात, दाढी जाते, आणि पडदाभर नुसता तो चेहरा. शब्द एक नाही. पण मला वाटलं की त्याच्या अंगावरून कोणीतरी एकेक वर्ष उतरवून घेतंय. तुझ्या अंगावर पांघरूण घातलं, तरी डोळ्यांपुढून तो चेहरा जाईना.

तू परत गेल्यावर मी चार्लीचं काम करणाऱ्या त्या नटाच्या मागेच लागले. डेव्हिड गुलपिलिल. मिळतील ते सिनेमे बघितले, मिळेल ते वाचलं. तुझ्या बाबांनी विचारलं, या वयात कुठली परीक्षा देतेस?

त्याची जन्मतारीख १ जुलै १९५३ अशी दिलेली असते. ती मिशनऱ्यांनी अंदाजाने लावलेली. हे वाचलं आणि मला आपलं जव्हारचं रजिस्टर आठवलं. आमच्या शाळेत निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. आईबापांना विचारलं तर सांगायचे, भात लावणीच्या वेळेला झाला, नाहीतर फलाण्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. आम्ही मास्तर-बाई १ जून टाकून मोकळे. गुलपिलिल हे त्याचं खरं नाव, त्याचा अर्थ खंड्या पक्षी. डेव्हिड मागाहून चिकटलं. माणूस आर्नहेम लँडमधला, तिथले मूळ रहिवासी असलेल्या योलंगू लोकांपैकी. लहानपण रानात गेलं. शिकार, माग काढणं, नाच हे सगळं तो चालायला शिकावं तसं शिकला होता. मग तिथल्याच मानिंग्रिडा गावातली शाळा.

१९६९ साली निकोलस रोएग हा इंग्रज दिग्दर्शक तिथे पोरगा शोधत आला. गुलपिलिल तेव्हा सोळाएक वर्षांचा, इंग्रजी जेमतेम. त्याचा नाच आणि त्याची चाल बघून त्याला उचलला. ‘वॉकअबाउट’ १९७१ साली आला आणि फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात गेला. अरे, १९६७ च्या सार्वमतापर्यंत ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतच लिहिलेलं होतं की देशाची लोकसंख्या मोजताना या मूळ रहिवाशांना धरायचं नाही. त्यानंतर चार वर्षांत हा पोरगा जगाच्या पडद्यावर.

त्या सिनेमातली पाण्याची जागा नीट बघ. वाळवंटात हरवलेली गोरी मुलगी त्याच्याकडे पाणी मागते, इंग्रजीत, आणि त्याला कळत नाही म्हणून चिडते. पाणी कोणालाही कळायला हवं, असं तिचं म्हणणं. तिचा धाकटा भाऊ मात्र नुसता हाताने पिण्याची खूण करतो. याला लगेच कळतं. हा हसतो आणि कोरड्या जमिनीत पोकळ काडी खुपसून पाणी वर काढून देतो. आणि हा पोरगा सिनेमाभर स्वतःच्या भाषेत बोलत असतो, भरपूर बोलतो, पण त्याच्या एका वाक्यालाही खाली भाषांतराची अक्षरं नाहीत. दिग्दर्शकाने ते मुद्दाम केलं असेल, त्या मुलीला कळत नाही तसं आपल्यालाही कळू नये म्हणून. मला ते पटतं. तरी माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही, की तो काय बोलला हे त्याच्या गावातल्या लोकांना सोडून जगात कोणालाही कळलं नाही.

शेवटी तो त्या मुलीसाठी नाचतो, अंग रंगवून, उजेडापासून अंधारापर्यंत, ओसाड घराभोवती. ती दार उघडत नाही. सकाळी तो झाडाला लटकलेला. तो नाच मी तीनदा बघितला. तू म्हणतोस ना, फ्रेम चांगली असली की नट तरून जातो. इथे उलटं आहे. फ्रेम त्याच्यामुळे उभी राहते.

आता तुला एक गोष्ट सांगते. ती तुला ठाऊक नाही, कारण मी ती कोणालाच सांगितलेली नाही.

तू सहावीत असशील. आमच्या पाड्यावरच्या शाळेत शूटिंगवाले आले होते. कुठले, कोणासाठी, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. दोन गाड्या, छत्रीसारखे दिवे. त्यांना वारली मुलींचा तारपा नाच हवा होता. पोरी गणवेशात होत्या, निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, मॅडम, हे असं चालणार नाही, आदिवासी वाटायला पाहिजे. आणि मी, तुझी आई, काय केलं? पोरींना घरी पिटाळलं. म्हटलं, जा गं, आयांची लुगडी नेसून या, पटकन. त्या धावत गेल्या, धावत आल्या. ज्या गणवेशासाठी मी वर्षभर त्यांच्या मागे लागत होते, तो मीच त्यांच्या अंगावरून उतरवला, कोणी परका मनुष्य म्हणाला म्हणून.

तारपा वाजवणारे आजोबा गाल फुगवून वाजवत होते, पोरी कमरेला हात घालून गोल फिरत होत्या. त्यांचा नाच कसा असतो तुला माहीत आहे. तो सुरू झाला की आपणहून थांबेपर्यंत थांबत नाही. यांनी तो पाच वेळा तोडला. कट, पुन्हा. कट, पुन्हा. तिसरीतली एक पोर सगळ्यांत पुढे होती, तिच्या पायाला खडा लागून रक्त आलं होतं तरी ती हसत होती. संध्याकाळी प्रत्येकीला बिस्किटाचा एकेक पुडा दिला आणि गाड्या गेल्या.

ती पोर मला पुढची दोन वर्षं विचारत होती, बाई, आमचा पिक्चर कधी लागणार? मी म्हणायचे, लागेल गं. पाचवीत ती आश्रमशाळेत गेली आणि माझी सुटका झाली. मी ‘सुटका’ हाच शब्द लिहिते आहे, कारण तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

म्हणून गुलपिलिलचं आयुष्य वाचताना मी सारखी एकच गोष्ट शोधत होते. गाड्या निघून गेल्यावर त्याचं काय झालं?

पहिल्या सिनेमानंतर त्याला काम मिळत गेलं. १९७६ साली ‘स्टॉर्म बॉय’, तुझ्या ॲडलेडच्या खालच्या कूराँग किनाऱ्यावरचा, त्यात तो फिंगरबोन बिल. तो तू सुट्टीच्या दिवशी शांतपणे बघ, त्यातला त्याचा मिस्कीलपणा फार गोड आहे. पुढच्या वर्षी पीटर वियरचा ‘द लास्ट वेव्ह’. १९८६ साली ‘क्रोकोडाइल डंडी’, तो तर आपल्याकडेही लोकांनी पाहिला. १९८७ साली ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया हा सन्मान. पण ज्यात तोच नायक, असा सिनेमा कधी मिळाला? २००२ साली, रॉल्फ डी हीर या दिग्दर्शकाचा ‘द ट्रॅकर’. पदार्पणानंतर तब्बल ३१ वर्षांनी. इतकी वर्षं तो गोऱ्यांना वाट दाखवणारा, माग काढणारा, कोपऱ्यात उभा राहून गूढ हसणारा. ‘द ट्रॅकर’मध्येही काम माग काढण्याचंच, पण या वेळी गोष्ट त्याच्या डोक्यातून चालते. त्या वर्षी देशातलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक त्याला मिळालं. आणि त्याच सुमाराला आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग गावी त्याच्या पत्र्याच्या खोपटात वीज नव्हती, नळ नव्हता.

सगळे लिहितात की तो दोन जगांमधला माणूस होता. मला हे पटत नाही. एका जगात त्याचं घर होतं. दुसऱ्यात तो बोलावणं आलं की जाणारा पाहुणा होता. पाहुण्याला ताट वाढतात, पण घराची किल्ली देत नाहीत.

दारूची ओळख सिनेमावाल्यांच्या संगतीत झाली, असं तो स्वतः सांगायचा. ती पुढे सुटली नाही. डार्विनमध्ये उघड्यावर, उंच गवतात मुक्काम करणाऱ्या लोकांत तोही राहिला. आणि २०११ साली बायकोचा हात मोडल्याबद्दल त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. निनाद, हे वाक्य भरभर वाचून पुढे जाऊ नकोस. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळजण इथे ‘व्यसनामुळे’ म्हणून पुढे सरकतात. पाड्यावर ज्या बायका सुजलेलं तोंड पदराने झाकून पोरांना शाळेत सोडायला यायच्या, त्या मी पाहिल्या आहेत. मला तो नट म्हणून जिवापाड आवडतो आणि त्या बाईचा हात मोडला तो त्यानेच. दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही धरून ठेवते.

पण डी हीर त्याला भेटायला तुरुंगात गेला. तिथेच दोघांचं ठरलं की बाहेर आल्यावर मिळून सिनेमा करायचा, आणि त्यातून आला ‘चार्लीज कंट्री’. लेखक म्हणून दोघांचं नाव. म्हणजे ते केस कापण्याचं दृश्य कुठून आलं असेल, बघ. २०१४ साली कानमध्ये ‘अं सर्तें रगार’ विभागात तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

आणि त्याआधीचा ‘टेन कनूज’! हा तू जाण्यापूर्वी बघायचाच. गुलपिलिलने डी हीरला एक जुना फोटो दाखवला, डोनाल्ड थॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात काढलेला. पाणथळ जागेत सालीच्या होड्यांवर उभे असलेले दहा जण, मॅगपाय गूज या पाणपक्ष्यांची अंडी गोळा करायला निघालेले. तो म्हणाला, आपल्याला दहा होड्या लागतील. बस, तिथून सिनेमा. गावातल्या लोकांनी त्या होड्या पुन्हा बनवल्या. फोटोतल्या माणसांशी ज्याचं नातं, त्याचं काम. आणि कोणी कोणाचा नवरा किंवा बायको व्हायचं हेही खऱ्या नात्यागोत्याला धरून, कारण सिनेमातसुद्धा निषिद्ध नातं चालणार नाही. २००६ साली आला, पात्रांचं सगळं बोलणं त्यांच्या भाषांत, आणि या वेळी खाली अक्षरं आहेत. निवेदन गुलपिलिलचं, मुख्य भूमिकेत त्याचा मुलगा जेमी. ‘वॉकअबाउट’पासून इथपर्यंत ३५ वर्षं.

२०१७ साली फुप्फुसाचा कर्करोग निघाला. उपचारांसाठी त्याला मरे ब्रिजला राहावं लागलं, तुझ्यापासून तास-सव्वा तासावर, पण त्याच्या मुलखापासून हजारो किलोमीटर दूर. तिथे त्याने स्वतःवरचा शेवटचा माहितीपट केला आणि त्याच्या निर्मात्यांत स्वतःचं नाव घातलं. तो २०२१ च्या मार्चमध्ये लोकांपुढे आला आणि २९ नोव्हेंबरला गुलपिलिल गेला. वय ६८.

तो गेल्यावर घरच्यांनी सांगितलं की काही काळ त्याला डेव्हिड डलैथंगू म्हणा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे, ते आठवलं. पुढे घरच्यांनी मोकळीक दिली, म्हणून मीही आज हे नाव इतक्यांदा लिहिते आहे. पण तू जिथे जातोस तिथे आधी विचार. कोणाचं नाव घ्यायचं, कोणाचा चेहरा दाखवायचा, हे तुमच्या दिग्दर्शकाला नाही, तिथल्या थोरांना विचार. कोणी ‘हे असं चालणार नाही, जरा वेगळं दिसायला पाहिजे’ म्हणालं, तर तू कॅमेरा खाली ठेव. तुझं काम गेलं तरी मी काही म्हणणार नाही. आणि ज्यांचं शूटिंग कराल त्यांना ते कधी, कुठे बघायला मिळणार, हे निघण्यापूर्वी ठरवून घे. एक प्रत त्यांच्याकडे राहायला हवी.

आता माझं एक काम. मागच्या महिन्यात जव्हारच्या बाजारात ती भेटली, पुढे नाचणारी. कडेवर पोरगं. तिनेच हाक मारली, बाई! बराच वेळ बोललो, भाताबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल. निघताना हसत म्हणाली, आमचा पिक्चर काय लागला नाही हो बाई.

तुझ्या क्षेत्रात जुन्या टेपा सांभाळणारी माणसं असतात ना? तुझी सहावी म्हणजे कुठलं साल ते बघ. भात कापून झाल्यानंतरचे दिवस, जव्हार तालुका, तारपा, आठ पोरी, मागे कौलारू शाळा आणि उंबराचं झाड. मुंबईतल्या तुझ्या मित्रांनाही विचार. सापडली तर पेनड्राइव्हवर घालून पाठव, मी स्वतः नेऊन देईन.

तुझी,
आई