गाडी डावीकडे ओढते, म्हणून उजवं चाक उघडा

कोव्हेंट्री,
रविवार, सकाळ

तीर्थरूप आबांना आणि आईला,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "काय न्हाय गं, ब्रेक मारला की जरासं डावीकडं ओढतंय, हातानं धरलं की झालं." आणि लगेच पावसाचं सांगायला लागलात. माझं मात्र पुढं कशातच लक्ष लागलं नाही. फोनवर मी सांगायला लागले की तुम्ही "बरं बरं" म्हणता, म्हणून हे पत्र. दादाला छापून घ्यायला सांगा आणि मिस्त्रींकडे जाताना सोबत न्या.

सगळ्यात आधी एक मागणं. गाडी दाखवून होईपर्यंत आईच्या माहेरी जायला ती काढू नका. गगनबावड्यापर्यंत कसेही जाल हो, पण पुढं करूळ घाट उतरायचा आहे. ओल्या रस्त्यावर, वळणात, समोरून ट्रक आलेला असताना ब्रेक दाबल्यावर गाडी कुठं जाईल याची खात्री नाही, अशा गाडीत तुम्ही दोघं बसलेला मला चालणार नाही. वैभववाडीला एसटीनं जा.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणायचं काम, करून घेतलीत आणि फरक पडला नाही. पडणारही नव्हता. मी विचारलं होतं ना, ब्रेकवर पाय नसताना गाडी सरळ जाते का? तुम्ही "हो" म्हणालात. अलाइनमेंट बिघडली असती किंवा एका टायरात हवा कमी असती, तर गाडी सरळ चालवतानाही ओढली असती. रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, त्यामुळं स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी थोडी डावीकडे सरकते, ते वेगळं. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर खोट बहुतेक वेळा ब्रेकमध्ये असते.

आणि इथंच लोक फसतात. गाडी डावीकडे ओढते म्हणून डावं चाक उघडतात. तुम्ही आयुष्यभर बैल हाकलेत, तुम्हाला हे माझ्याहून लवकर कळेल. जोडीतला डावा बैल थबकला आणि उजवा चालत राहिला, तर गाडी कुठं वळते? डावीकडे. पण इथं डावा थांबला ते बरोबरच केलं, थांबायलाच सांगितलं होतं. चूक उजव्याची, तो थांबलाच नाही. आपल्या गाडीचंही बहुधा तेच असणार: डाव्या चाकाचा ब्रेक नीट लागतोय, उजव्याचा कमी. मिस्त्रींनी आधी उजवं पुढचं चाक उघडावं.

मागच्या आठवड्यात माझ्या हाताखालून अशीच एक गाडी गेली. इथं गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, एमओटी म्हणतात तिला. चाकं रोलरवर ठेवतात आणि प्रत्येक चाक किती जोरानं ब्रेक धरतं ते आकड्यात दिसतं. एका आसावरच्या दोन चाकांत 30 टक्क्यांहून जास्त फरक निघाला की गाडी नापास. पुढच्या चाकांत तो 50 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी धोकादायक ठरवतात. त्या गाडीचं डावं पुढचं चाक 210 किलो दाखवत होतं आणि उजवं 130, म्हणजे 38 टक्क्यांचा फरक. मालकीणबाई सांगत होत्या, डावीकडे ओढते. उजवा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा चिमटा, काढला तर ज्या दोन पिनांवर तो सरकतो, त्यातली खालची गंजून जाम झालेली. आतला पॅड झिजून पत्र्याला लागायला आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. एकाच चाकाच्या दोन पॅडमध्ये असा फरक दिसला की पिन जाम आहे असं समजा.

ते बघताना मला आपली गाडीच आठवली. 2021 च्या जुलैत पंचगंगा वाढली तेव्हा ती दोन दिवस चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी होती. नंतर इंजिन सुरू झालं म्हणून आपण सगळे खूश झालो. कॅलिपर उघडून कुणी बघितलेच नाहीत. पिनांवरचं रबर थोडं जरी फाटलं असेल, तरी आत गेलेलं गढूळ पाणी इतकी वर्षं हळूहळू आपलं काम करत असणार.

गॅरेजला जाण्याआधी दादानं एक करावं. रविवारी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात. तिथं तीस-चाळीसच्या वेगानं गाडी नेऊन आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, मग थांबून दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्यावा. नुसता जवळ, डिस्कला लावायचा नाही, भाजेल. डावं तापलेलं आणि उजवं कोमट लागलं तर मी म्हणते तेच. पण ब्रेक फारसा न लावता नुसती गाडी चालवूनही डावं चाक तापत असेल, तर गोष्ट उलटी आहे. तिथं डावा ब्रेक सुटत नाहीये. मग पुढचं चाक जॅकवर घ्यावं, मागच्या चाकांना दगड लावून. एकानं ब्रेक दाबून सोडावा, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवावं. चाक धरलेलंच राहिलं तर मिस्त्रींनी त्या कॅलिपरचं निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, जरा सैल करावं. तेल उडून चाक मोकळं झालं, तर चाकापर्यंत ब्रेकचं तेल नेणारा रबरी होस पाईप आतून सुजलाय, तो तेल पुढं जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक जामच, तर कॅलिपरचा पॅड ढकलणारा पिस्टन किंवा पिन अडकलीय. होस बाहेरून नवाकोरा दिसतो आणि म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. कमी लागणाऱ्या बाजूलाही होस बंद झालेला असू शकतो. दोन्हीकडची निपलं सोडून तेलाची धार सारखी येते का, ते बघायला सांगा.

पॅडवर तेल किंवा ग्रीस आलंय का, तेही बघावं. ॲक्सलचं रबर फाटलं की ग्रीस उडून पॅडवर बसतं. तसा पॅड पुसून पुन्हा लावू नका, बदला. आणि पॅड बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदला. मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आहेत, तिथं ब्रेक ढकलणारा व्हील सिलिंडर गळत नाही ना, एवढं बघून घ्या.

दोन्ही ब्रेक सारखे निघाले तर मग लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश बघा. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आपल्याकडच्या रस्त्यांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्या खड्ड्यांचा सगळा मार या बुशांवर बसतो. बुश मऊ पडला की ब्रेक लागताच ते चाक मागं सरकतं, त्याचा कोन बदलतो आणि गाडी ओढते. ब्रेक दाबताना पुढून "टक्" असा आवाज येतो का, आठवून बघा. आईला विचारा, तिचा कान तिखट आहे. मिस्त्रींनी पहारीनं आर्म हलवून बघितला की लगेच कळतं.

पिनांना साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतं आणि चार महिन्यांत पुन्हा जाम. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं. ब्रेक ऑईलही आता बदलूनच टाका. ते हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओल धरलेलं तेल घाटात तापलं की उकळतं आणि पेडल खाली जातं. कुठलं घालायचं तो डॉट नंबर टाकीच्या झाकणावरच लिहिलेला असतो.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना करूळ घाटातच तुम्ही मला सांगितलं होतं, "ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर, ब्रेकच्या भरवशावर राहू नको." इथं नव्या पोरांना मी तेच शिकवते. ते तुमचं आहे, म्हणून तुम्हीच "हातानं धरलं की झालं" म्हणालात ते मला लागलं.

काम झालं की जुने चारही पॅड टाकून देऊ नका. दादाला सांगा, उजव्याचा आतला-बाहेरचा आणि डाव्याचा आतला-बाहेरचा असे ओळीनं मांडून फोटो पाठव. झिजलेला पॅड बघितला की मला इथूनही बरंच कळेल. पैशाची काळजी करू नका, महिनाअखेर पाठवते.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग. आणि पुढच्या वेळी आबांनी फोनवर आधी चाकाचं सांगायचं, मग पावसाचं.

तुमची लेक