उशीवाल्या मुलास

उशी घेऊन आलेल्या मुला,

तुझं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. तुला विचारायची सोय उरली नाही, आणि न विचारता कुणाचं नाव चारचौघांत घेणं मला पटत नाही. जुलैच्या पावसात रामबागेतल्या एका वाड्याचा अंधारा जिना चढून, मधे भोक असलेली उशी आणि कपाळ टेकायचं स्टँड घेऊन तू आलास, एवढी खूण पुरे. सामान खाली ठेवता ठेवता म्हणालास, "काकू, दहा दिवस उलटं पडून करणार काय तुम्ही?"

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. बाकी सगळं विचारून झालं होतं. खर्च किती आला, विमा होता का, मुलगी बंगळूरहून येणार की नाही.

डोळ्यापुढे काळी जाळी तरंगते, कडेला वीज चमकल्यासारखं होतं, असं सांगत मी ज्यांच्याकडे आधी गेले होते, त्यांनी खुर्चीतून न उठता 'वयोमान' म्हटलं आणि थेंब लिहून दिले. बारा दिवसांनी डोळ्याचा मागचा पडदा सुटला. पुढचं सगळं दुसऱ्या डॉक्टरांनी निस्तरलं, त्याचं पुराण इथे नको. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसानं तोंड खाली ठेवायचं, की तो मागच्या पडद्याला टेकून राहील. तासातली पन्नास मिनिटं पालथं, दहा मिनिटं सुट्टी. नातेवाईक म्हणाले, "बरंय, सक्तीची विश्रांती!" एकानं रामरक्षा लावून दिली आणि निघून गेला. ती दुपारभर फिरून फिरून वाजत राहिली, कारण बंद करायला उठायची मला परवानगी नव्हती. रामरायाची क्षमा मागून सांगते, चौदाव्या वेळेनंतर मला तिचीच भीती वाटायला लागली.

तुझं लक्ष मात्र कपाटाकडे गेलं. धारप, मतकरी, इंग्रजी भूतकथांचे जाडजूड संग्रह. "भुताचं वाचता?" असं तू विचारलंस आणि मी फरशीकडे बघत म्हटलं, "भुताचंच वाचते." एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घरी येऊन भुतं वाचली, हा माझा संसार. 1993 साली रामसे मंडळींचा 'झी हॉरर शो' सुरू झाला, तेव्हा आमच्या वाड्यात केबल एकाच घरी होतं आणि मी तिथे जिन्यात बसून बघायची. 1995 ला 'आहट' आली. तू म्हणालास, "आहट मी आजीच्या पदराआडून बघितलीय." तिथे आपलं जमलं.

मग तू जमिनीवर मांडी घातलीस, उशीच्या डिपॉझिटची पावती उलटी केलीस आणि पंधरा-वीस मिनिटं काळ्या स्केचपेननं सुट्ट्या गोष्टींच्या भुताच्या मालिकांची यादी लिहीत बसलास. दुकानातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा "ट्राफिक आहे" म्हणालास. या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, बरं का.

भाच्यानंही यादी पाठवली होती. तीस नावं, पुढे 'टॉप क्लास' आणि ज्वाळांची चित्रं. त्यात 'अमेरिकन हॉरर स्टोरी' होती, जिच्यात एक कथा अख्खा सीझन चालते. सुट्ट्या गोष्टी हव्या असलेल्या बाईला महाभारत वाढण्यातला प्रकार. त्यात 'यामी शिबाई' होती. मी नंतर बघितली, कागदी चित्रांच्या खेळासारखी, चार-पाच मिनिटांची भुतं, फारच सुरेख. पण ती जपानी! अर्थ खालच्या अक्षरांत, आणि माझं तोंड फरशीकडे. मी जपानीत घाबरायचं ठरवलं असतं तरी कुठे घाबरायचं ते कसं कळणार?

तू कानासाठी यादी केलीस. पहिलं नाव 'द ट्वायलाइट झोन', जुनी अमेरिकन टीव्ही मालिका. 1959 ते 1964, 156 भाग, त्यातले 92 तिच्या कर्त्यानं, रॉड सर्लिंगनं, स्वतः लिहिलेले. तू लिहिलंस, "हा माणूस आधी रेडिओसाठी लिहायचा, म्हणून कानानं कळतं." खरंच कळतं. पहिल्या सीझनमध्ये निवेदन करताना तो पडद्यावर जवळजवळ येतच नाही, नुसता आवाज. म्हणजे त्या सीझनपुरती मी आणि धडधाकट प्रेक्षक सारखेच. त्यातल्या 'द हिच-हायकर' या भागापुढे तू दोन चांदण्या काढल्या होत्यास. गाडी चालवणारी एकटी बाई आपली हकीकत सांगते आणि प्रत्येक वळणावर तोच माणूस अंगठा दाखवत उभा. मूळ श्रुतिकाच ती, 1941 साली ऑर्सन वेल्सनं रेडिओवर केलेली. मी फरशीवरच्या चुन्याच्या डागाकडे बघत ती ऐकली आणि तो डाग मला अजून आवडत नाही.

'नाइट कॉल' रात्री ऐकू नका, असं तू लिहिलंस. म्हणून रात्रीच ऐकला. म्हातारी बाई, एकटी, आणि अपरात्री वाजणारा फोन. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगी! विमानानं बंगळूरला ये, म्हणाली. डोळ्यात गॅस असताना विमान बंद असतं, उंचावर तो फुगतो, हे तिला चौथ्यांदा सांगितलं. आणि तुझ्या यादीत पुढचीच ओळ: "विमानाच्या पंखावर काहीतरी दिसतं तो भाग, 1963. बिनधास्त ऐका, तुम्हाला तसंही विमान बंद आहे." त्या दहा दिवसांत मी एकदाच मोठ्यानं हसले, ते इथे.

पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या दोन गोष्टी की पन्नास मिनिटं झाली, दहा मिनिटं उठायचं. डॉक्टरांचं वेळापत्रक आणि सर्लिंगचं असं जुळलं. चौथ्या सीझनचे भाग तासाभराचे आहेत, ते तू सबंध खोडलेस आणि शेजारी लिहिलंस, "मान दुखेल." माझ्या मानेचा विचार तोवर मीसुद्धा केला नव्हता. संध्याकाळसाठी मराठी हवं म्हणून मतकरींच्या कथांवरची 'गहिरे पाणी' होती. तीत ओळखीचे उंबरे, ओळखीचे उसासे. परक्या मुलखातलं भूत अंगावर येतं, आपल्यातलं शेजारी येऊन बसतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या यादीत एक वेगळा कोपरा होता, चौकट काढून. वर लिहिलेलं: "डोळा बरा झाल्यावर बघा, आत्ता ऐकण्यात मजा नाही." त्यात ट्वायलाइट झोनमधला 'द इन्व्हेडर्स', ज्यातली बाई एक शब्द बोलत नाही. आणि 'इनसाइड नंबर नाइन' या ब्रिटिश मालिकेतला 'अ क्वाएट नाइट इन', ज्यात चोर मुकाट्यानं चोरी करतात. हे कारण समजण्यासारखं होतं. पण त्याखाली ट्वायलाइट झोनमधलीच आणखी दोन नावं होती, 'टाइम इनफ अॅट लास्ट' आणि 'आय ऑफ द बिहोल्डर', आणि त्यांच्यापुढे फक्त दोन शब्द. "सध्या नको."

मला आधी राग आला. साठीची बाई मी, मला कोण सांगणार काय नको ते? सहाव्या रात्री झोप नव्हती, तेव्हा जवळजवळ लावलाच होता पहिला. का कुणास ठाऊक, नाही लावला.

गॅस पूर्ण विरला, दिवाळीनंतर चष्म्याचा नवा नंबर आला, आणि मी ते दोन्ही बघितले. पहिल्यात बँकेतला एक कारकून आहे. वाचनाचं वेड, जाड भिंगांचा चष्मा, आणि वाचायला कुणी देत नाही. जग बेचिराख होतं, तो एकटा उरतो, पुढ्यात पुस्तकांचे ढीग आणि हाताशी वेळच वेळ. आणि चष्मा फुटतो. दुसऱ्यात तोंडभर पट्ट्या बांधलेली एक बाई इस्पितळात पडून आहे आणि पट्टी सुटल्यावर काय दिसेल याची वाट बघते. शेवट सांगत नाही, ज्यानं बघितला नसेल त्याच्या तोंडचा घास काढू नये.

टीव्ही बंद करून मी बराच वेळ बसून राहिले. एक डोळा पट्टीखाली, दुसऱ्याचा भरवसा नाही, कपाटात दीडशे पुस्तकं, आणि तो चष्मा फुटल्याचा आवाज मी फरशीकडे तोंड करून ऐकला असता तर? तू ते टाळलंस. गोड बोलून नाही, "काकू, तुम्हाला त्रास होईल" म्हणून नाही. कारण सांगितलं असतंस तर मी ती गोष्ट मनातल्या मनात रचली असती, आणि भुतं वाचणारी बाई जे रचते ते सर्लिंगपेक्षा वाईट असतं. नाव मात्र तू लपवलंही नाहीस. पुढे बघायला मिळावं म्हणून लिहून ठेवलंस.

माझ्या भोवती शिकलेली, जाणती, माझ्यावर प्रेम करणारी माणसं होती. त्यांच्यातलं कुणी इतकं पुढचं बघितलं नाही. ज्यांना डोळ्यात बघायचे पैसे दिले त्यांनी तर डोळ्यातही बघितलं नाही. आणि उशा भाड्यानं देणारा एक मुलगा, ज्याचा माझा संबंध एका जिन्याइतका, तो माझ्या जागी पालथा पडून विचार करतो. याला शाळेत काय शिकवतात मला माहीत नाही. मी तरी कधी शिकवल्याचं आठवत नाही.

सध्या 'इनसाइड नंबर नाइन' सुरुवातीपासून चालू आहे. 2014 ते 2024, 55 भाग, आणि प्रत्येकात कुठेतरी सशाची एक मूर्ती ठेवलेली. ती शोधणं हीच माझी डोळ्यांची तपासणी. उजव्यानं अजून थोडं वाकडं दिसतं, पण परवा ससा पहिल्या पाच मिनिटांत सापडला.

दुकानात दोनदा जाऊन आले. तू सोडून गेलास म्हणाले, कुठे ते त्यांना ठाऊक नाही. उशी आणि स्टँड मी वेळेवर परत केलं. डिपॉझिटचे पाचशे रुपये तेवढे तिकडेच आहेत. मूळ पावती जमा केल्याशिवाय मिळत नाहीत म्हणतात, आणि ती मी देणार नाही.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू