शुभवर्तमान पडद्यावर आणताना

महोदय,

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात टीव्हीवर येशूचे चित्रपट लागतात, पण इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा, बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानावरचा १९६४ चा चित्रपट कुणी दाखवत नाही, याची मला खंत वाटते. दिग्दर्शक मार्क्सवादी, तरी संवाद मत्तयाचेच ठेवले आणि चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला. येशूच्या भूमिकेत अभिनयाचा गंध नसलेला स्पॅनिश विद्यार्थी. क्रुसाजवळची म्हातारी मरिया, म्हणजे येशूची आई, साकारणारी बाई दिग्दर्शकाची सख्खी आई. तिचा धाकटा मुलगा १९४५ मध्ये युद्धात मारला गेला होता. तिचा आक्रोश मला बघवत नाही, आणि नजरही हटत नाही.

मेल गिब्सननेही २००४ च्या 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' या येशूवरच्या चित्रपटासाठी पासोलिनीने वापरलेले दक्षिण इटलीतले मातेरा शहरच निवडले, पात्रांना अरामी आणि लॅटिन बोलायला लावले. मेहनत मान्य. पण मत्तयाने येशूला मारलेल्या फटक्यांचा उल्लेख एका वचनात उरकला आहे आणि डोंगरावरच्या प्रवचनाला तीन अध्याय दिले आहेत. गिब्सनने हे प्रमाण उलटे केले, ते मला पटत नाही.

आपल्या रविवार पुरवणीत पासोलिनीच्या चित्रपटावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

एक वाचक, वसई