ती प्रश्नावली दारातच का अडवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अणुअपघात आणि नुकसानभरपाई या विषयावर एका ज्येष्ठ वकिलांचा लेख आला आहे. भीतीची किंमत ठरवायला कायदा बिचकतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण एका परिच्छेदापाशी मी अडले. अपघातानंतर लोकांकडून भरून घेतलेल्या मानसशास्त्रीय प्रश्नावल्या ही ‘ऐकीव माहिती’ आहे, म्हणजे न्यायालयाबाहेर कुणी बोललेलं दुसऱ्यानं येऊन सांगितलेलं, न्यायालयानं ती दाखलच करून घेऊ नये, असं ते म्हणतात आणि आधाराला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल देतात. मी एकतीस वर्षं मानसशास्त्रीय मापन शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं हातात प्रश्नावल्या घेऊन लोकांच्या दारात उभी राहिले. गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

आधी तो निकाल. २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत एक झडप उघडीच अडकून राहिली, थंड ठेवणारं पाणी निघून गेलं आणि गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. पहिली अणुभट्टी तेव्हा इंधन बदलण्यासाठी बंद होती. ती पुन्हा चालू करायची वेळ आली तेव्हा आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेनं मागणी केली, की परवानगी देण्याआधी आमच्या मनावर काय परिणाम होईल तेही तपासा. न्यायालयानं एकमतानं नाही म्हटलं. निकाल न्या. रेन्क्विस्ट यांचा. पण नाही कशाला म्हटलं? १९६९ च्या पर्यावरण कायद्याखाली जो परिणाम तपासायचा, त्याचा भौतिक पर्यावरणातल्या बदलाशी जवळचा संबंध हवा, आणि अपघाताचा धोका म्हणजे तसा बदल नव्हे, एवढंच त्यात आहे. आरोग्यात मानसिक आरोग्यही येऊ शकतं, हे त्याच निकालपत्रात मान्य केलेलं आहे. झालेल्या अपघाताची भरपाई मागणारा तो दावाच नव्हता आणि प्रश्नावली पुरावा म्हणून ग्राह्य की अग्राह्य, हा मुद्दाही तिथे निकालात निघालेला नाही. वकीलसाहेबांनी आधार घेतला तो दुसऱ्याच घराच्या खांबाचा.

आता ‘ऐकीव’बद्दल. मी कायदा शिकलेले नाही, पण आमच्या विषयात हा वाद इतका जुना आहे, की त्यातलं थोडंफार पाठ झालंय. झिप्पो कंपनीनं हुबेहूब दिसणाऱ्या लायटरवरून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात लावलेल्या दाव्याचा निकाल १९६३ चा. लायटर दाखवून ‘हा कोणत्या कंपनीचा वाटतो?’ असं ग्राहकांना विचारलेलं होतं. प्रतिवादीनं ऐकीवचाच आक्षेप घेतला. तो टिकला नाही. कारण माणूस आपल्या त्या क्षणीच्या मनःस्थितीबद्दल जे बोलतो, त्याला ऐकीव माहितीच्या नियमात अपवाद आहे. आता मला सांगा, लायटर कोणाचा वाटतो हे सांगताना ग्राहकाची मनःस्थिती ग्राह्य, आणि ‘रात्री सायरन ऐकू आल्यासारखं वाटून जाग येते’ हे सांगताना अपघातग्रस्त गावातल्या एखाद्या आईची मनःस्थिती अग्राह्य, हे कुठल्या तर्कात बसतं?

थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी चौकशीला नेमलेल्या केमेनी आयोगानं १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. अपघाताचा आरोग्यावरचा सगळ्यात मोठा परिणाम मानसिक ताण हाच होता, असं त्यात नोंदवलं आहे. हा निष्कर्ष आला कुठून? लोकांना विचारूनच. आणि त्याच विचारण्यातून हेही निघालं, की खचलेपणा पहिल्या काही आठवड्यांत खूप होता आणि नंतर लवकर उतरला. म्हणजे प्रश्नावली नेहमी तक्रारदाराच्याच पारड्यात पडते असं नाही. कंपनीच्या वकिलांना तिचा उपयोग झाला असता!

पुढे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसतं विचारून भागवलं नाही. तिथल्या रहिवाशांच्या लघवीतलं ॲड्रेनॅलिन (ताणात वाढणारं संप्रेरक) मोजलं, एकाग्रता जोखायला त्यांना छापील मजकुरातल्या चुका शोधायला लावल्या, आणि तुलनेला तीन ठिकाणची माणसं घेतली: धड चालणाऱ्या अणुभट्टीजवळची, कोळशाच्या वीजकेंद्राजवळची आणि जवळपास कसलंच केंद्र नसलेल्या गावातली. वर्ष उलटून गेल्यावरही थ्री माइल आयलंडच्या लोकांचा ताण या तिघांपेक्षा जास्त निघाला. ‘भरपाईसाठी लोक काहीही लिहून देतात’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, लघवीलाही कोणी पढवून ठेवलं होतं का? नमुना लहान होता, जेमतेम काही डझन माणसांचा, हे मात्र खरं. त्यावर हल्ला जरूर करावा, पण अभ्यास आत येऊ दिल्यावर.

लोक वाढवून सांगतात, ही समजूत माझ्या अनुभवाला तर मुळीच धरून नाही. एका मोठ्या आपत्तीनंतर (कोणती ते लिहीत नाही, माणसं ओळखू येतील) मी एका घरी बसले होते. ‘गेल्या महिन्यात झोपेचा त्रास किती वेळा झाला?’ या प्रश्नाला सुनेनं ‘कधीच नाही’ म्हटलं. सासूबाई शेजारीच होत्या. निघताना माझं लक्ष गेलं तर तिचं अंथरूण उंबऱ्याला लागून होतं आणि उशाशी मुलांच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. त्या रकान्यात मी शून्यच लिहिलं. नियम तसा आहे, जे सांगितलं ते लिहायचं. अशी किती शून्यं माझ्या हातून लिहिली गेली असतील कोण जाणे.

आमच्या साधनांत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. अपघाताआधी त्याच माणसांचं मोजमाप झालेलं क्वचितच असतं. सर्वेक्षण गटाबद्दल बोलतं, वादी क्रमांक ४१ बद्दल नाही. त्याच्यासाठी वेगळी मुलाखत, वेगळी तपासणी लागतेच. आणि कोण उत्तर देतं, कोण देत नाही, हे दुखणं आहेच. फुकुशिमात २०११ च्या अपघातानंतर सुमारे दोन लाख दहा हजार लोकांना मानसिक आरोग्याची प्रश्नावली पाठवली गेली, आणि पहिल्या फेरीत उत्तरं आली साधारण ४० टक्क्यांची. त्यात ‘के-सिक्स’ नावाची सहा प्रश्नांची मापनश्रेणी होती: कमाल गुण २४, तेरा किंवा अधिक म्हणजे गंभीर ताण. प्रौढांपैकी १४.६ टक्के तेरा किंवा त्याच्या वर निघाले. एरवी जपानमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं. ज्यांनी उत्तरं दिली नाहीत ते अधिक सुखी होते की अधिक खचलेले, यावर दिवसभर भांडता येईल. मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते.

पण त्याच फुकुशिमातली दुसरी गोष्ट वकीलसाहेबांनी पाहावी. सर्वेक्षणाचे आकडे हाती यायच्या आधीच, ऑगस्ट २०११ मध्ये, सरकारी समितीनं विस्थापितांच्या मनस्तापासाठी माणशी महिना एक लाख येन असा आकडा सुचवला. गज कुठला घेतला? सक्तीच्या मोटार विम्यातल्या अपघातग्रस्ताला तेव्हा दिवसाला ४,२०० येन मिळत, तो. शिवाय सहा महिन्यांनी लोक रुळतील असं धरून पुढे ती रक्कम निम्मी करायची सूचना होती. ती कपात नंतर मागे घेतली गेली, पण लोक खरोखर किती रुळले, याचा १४.६ टक्के हा आकडा २०१२ च्या सुरुवातीच्या पाहणीतला आहे. मनाचं मोजमाप नको म्हटलं, म्हणून मोजमाप टळत नाही. मग मोटार विम्याचा तक्ता पुढे येतो, आणि त्या तक्त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही.

लेखात शेवटी विचारलं आहे, ‘हजार कागदांची उलटतपासणी कशी घ्यायची?’ कागदांची नका घेऊ. ज्यानं सर्वेक्षण केलं त्याला पिंजऱ्यात उभं करा. माणसं कशी निवडलीत, प्रश्न आधी कोणावर तपासून पाहिलेत, विचारताना घरात आणखी कोण होतं, पैसे कोणी दिले, किती कागद परत आलेच नाहीत, हे एकेक करून विचारा. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांत १९९३ पासून तज्ज्ञाला त्याच्या पद्धतीत चूक होण्याचं प्रमाण किती, हेही विचारलं जातं, आणि ते आमच्या बहुतेक मापनश्रेण्यांचं छापलेलं असतं. माझ्या नोकरीत मला असं कोणी कधी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर त्या उंबऱ्याजवळच्या शून्याबद्दलही सांगितलं असतं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका