डबाभर टोकनं आणि एक फोन

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

"प्रदर्शनात माझं नाव कुठेही नको" असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव गाळून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आभार तरी मानू द्या.

इंग्लंडमधल्या आमच्या या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावात इतिहास मंडळाकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आला. आत सहकारी भांडाराची टोकनं. "तुला जुन्या वस्तूंची आवड आहे ना" म्हणत तो माझ्या गळ्यात पडला. मी लेबल लिहून मोकळीही झाले होते: 'गरिबांसाठी भांडाराने काढलेली नाणी'. तुम्हाला फोटो पाठवले ते, खरं सांगायचं तर, शाबासकीच्या आशेने. पाच मिनिटांत तुमचा फोन. "अगं, हे पैसे नाहीत, ही पावती आहे!"

मग तुम्ही तासभर बसून समजावलंत. साडेतीन शिलिंगांचा किराणा घेतला आणि पैसे चुकते केले, की सुट्ट्या पैशांबरोबर साडेतीन शिलिंगांची टोकनंही हातात पडायची. ती घरी साठवायची, तिमाही संपली की भांडारात मोजून द्यायची, आणि जेवढी खरेदी त्या प्रमाणात नफ्यातला वाटा घ्यायचा. "आपल्या पतपेढीत शेअरवर डिव्हिडंड मिळतो, इथे साखर-पिठावर," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 21 डिसेंबर 1844 ला मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी टोड लेनवर 28 सभासदांच्या संस्थेने लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या मांडून दुकान उघडलं, आणि त्यांची ही रीत पुढे ब्रिटनभरच्या भांडारांनी उचलली. म्हणजे पौंडाला (तेव्हा 20 शिलिंगांचा पौंड आणि 12 पेनींचा शिलिंग) दोन शिलिंग लाभांश धरला, तर '1 शिलिंग' असा दिमाखात छापलेल्या टोकनाची खरी किंमत जेमतेम सव्वा पेनी! आणि मी त्याला नाणं म्हणून काचेत मांडणार होते.

खरी गंमत डब्याच्या तळाशी होती. रकमेऐवजी नुसतं '1 पाइंट' (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त माप) लिहिलेली टोकनं मी खराब छपाईची म्हणून बाजूला काढली होती. ती दुधाची निघाली. आधी पैसे भरून विकत घ्यायची आणि रात्री रिकाम्या बाटलीबरोबर दाराबाहेर ठेवायची, म्हणजे पहाटे दूधवाल्याला सुट्ट्यांची खटपट नाही. एकाच डब्यात दोन उलट्या चालीची टोकनं: एक पैसे दिल्यावर मिळणारं, दुसरं पैसे आधी देऊन घ्यायचं. हे मला एकटीला सात जन्मांत सुचलं नसतं.

लोहचुंबकाची युक्तीही तुमचीच. चिकटली ती कल्हईच्या पत्र्याची, नाही चिकटली ती पितळेची किंवा तांब्याची. खाऱ्या हवेने पत्र्याच्या टोकनांची पार चाळण केलीय, दोन तर बोटांतच भुगा झाली. पितळेची हिरवी पडली, पण अक्षरं शाबूत. "चिंच लावून घासू नकोस!" हे तुम्ही ओरडलात तेव्हा एक घासून झालं होतं. तेव्हा बोलले नाही, आज कबूल करते.

ही मूठमूठ टोकनं मोजायचा कारकुनांना केवढा ताप असेल, हे मी डबा दोनदा मोजला तेव्हा कळलं (दोन्ही वेळा आकडा वेगळा आला). पुढे सभासद क्रमांक घातलेल्या कागदी चिठ्ठ्या आल्या त्या उगाच नाही. शेजारच्या आजींना सकाळची गोळी घेतली की नाही आठवत नाही, पण आईचा भांडारातला नंबर त्या अजून घडाघडा म्हणतात. लहानपणी किराणा आणायला धाडताना तो पाठ करून घेतला जायचा. गावातल्या लोकांच्या तोंडी आजही 'डिव्ही' हाच शब्द आहे, लाभांशाचं लाडाचं नाव.

लेबल बदललं आहे. आता दोन वेगळ्या काचा आहेत, दुधाची टोकनं एका बाटलीशेजारी. चिंचेने उजळलेलं ते एक टोकन मात्र मी पाठमोरं ठेवलंय. कुणी विचारलं नाही, तर मीही सांगणार नाही.

तुमची,
टोकनवाली