सल्लागार नेमा, पण माग बंद केलेल्यालाही बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाचा अग्रलेख वाचला. काल दिवसभर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आज दुपारी वीज गेली तेव्हा कुठे सवड झाली. मुख्यमंत्र्यांनी रोजगारावर सल्ला घेण्यासाठी नामवंत उद्योगपती, अर्थतज्ज्ञ आणि प्राध्यापक यांची कायमस्वरूपी समिती नेमावी, असे आपण सुचवले आहे. सूचना उत्तम आहे, फक्त नवी नाही. टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने आर्थिक सल्लागार परिषद नेमली होती, हे आपल्याच अंकात वाचल्याचे आठवते. अनंत अंबानी, करण अदानी अशी तरुण मंडळीही तीत होती. एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था कशी होईल ते या परिषदेने सांगायचे होते. या सर्वांच्या हुशारीवर शंका घेण्याइतका मी मोठा नाही. पण आठवड्याचा पगार वाटायच्या आदल्या रात्री व्यापाऱ्याला फोन करकरून ‘निम्मे तरी पैसे सोडा’ असे म्हणायची वेळ यांच्यापैकी किती जणांवर आली असेल, एवढे कुणीतरी सांगावे.

सल्ला एकदा मलाही विचारला होता, बरं का! काही वर्षांपूर्वी इथे सोलापुरात वस्त्रोद्योगातला रोजगार कसा वाढेल यावर बैठक झाली. कुणी घेतली ते लिहीत नाही. थंडगार हॉल, गळ्यात ‘स्टेकहोल्डर’ लिहिलेले कार्ड, आणि भरायला इंग्रजी फॉर्म. समोर बसलेले निम्मे लोक तेलुगू आणि कन्नड बोलणारे, उरलेले आमच्यासारखे मराठी धरून तिन्हींची खिचडी करणारे. पुण्याहून आलेल्या सल्लागार कंपनीच्या मुलाने विचारले, कुशल मनुष्यबळाची अडचण आहे का? मी म्हटले, मनुष्यबळ भरपूर आहे, पण पाण्याच्या दिवशी ते कामावर येत नाही.

सोलापूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. ज्या भागात पाणी यायचे त्या भागातल्या बायका त्या दिवशी घरी. सुताच्या कांड्या भरायच्या त्यांनी, टॉवेलच्या कडा शिवायच्या त्यांनी, घड्या घालून गाठी बांधायच्या त्यांनीच. कांडी नाही म्हणजे मागावर आडवे सूत नेणारा धोटा रिकामा, आणि धोटा रिकामा म्हणजे माग उभा. मग मागावरचा गडीही बसून. ज्या कामगाराचा पगार नगावर, त्याचा तो दिवस बुडालाच. एका भागाची पाण्याची वेळ चुकली की दुसऱ्या भागातल्या माणसाची मजुरी जाते. हे सगळे मी जमेल तेवढ्या शांतपणे सांगितले. लॅपटॉपवर टाइप करणारा मुलगा थांबला आणि म्हणाला, “वॉटर म्हणजे डाईंगचं प्रोसेस वॉटर का सर?” मी म्हटले, नाही हो, घरी प्यायचे आणि वापरायचे. त्यावर तो हसला. “ते महापालिकेचं झालं सर, आपल्या स्कोपमध्ये येत नाही.” बोटे पुन्हा कीबोर्डवर गेली नाहीत. जेवण मात्र चांगले होते.

पुढे कधीतरी त्यांच्या अहवालाचा सारांश हाती आला. मुख्य शिफारस काय, तर विणकामाचे कौशल्य प्रशिक्षण केंद्र. विणकरांच्या पूर्व भागात विणकाम शिकवणार म्हणजे पंढरपुरात येऊन अभंग शिकवण्यातला प्रकार! जेकार्डच्या नक्षीमागावर मोर उठवणारी माणसे आज वॉचमनची कामे करतात, त्यांना प्रशिक्षण कसले देता?

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्यांचे चालले आहे त्यांनाच सगळे विचारतात. ज्यांनी बंद केले त्यांना विचारा. माझे चादरीचे माग मी भंगारात काढले, ते का काढले हे आजवर एकाही सरकारी माणसाने विचारलेले नाही. सूत घेताना एक भाव, माल तयार होईपर्यंत दुसरा. विजेचे बिल वेगळेच. आणि बाजारात पानिपतचा माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून माझ्यापेक्षा स्वस्त. हे नाव सोलापूरच्याच मालाला, असे भौगोलिक मानांकन मिळून वीसेक वर्षे झाली, ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर शोभते. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या इथल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तिथल्या जॉबरना, म्हणजे मुकादमांना, कुणी विचारले होते? आणि ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी वाचवायला तर खुद्द केंद्र सरकारने 1950 साली वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. आज ती मिलही नाही.

समितीत बिडी वळणारी बाई हवी. हजार बिड्यांमागे किती ‘छाट’ म्हणून फेकतात आणि त्याचे पैसे कुणाच्या पदरातून जातात, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? आमचे कामगारही बोलवा. प्रॉव्हिडंट फंडावरून ते माझ्याबद्दल जे बोलतील ते मला आवडणार नाही, पण बोलवा.

अशा लोकांचा सल्ला चालत नाही असे म्हणू नका. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. आधी तिथे काम देण्याचा प्रयोग झाला, मग 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर लाखो हातांना पुरली. आमच्या जिल्ह्यात तेव्हा खडी फोडून आणि दुष्काळात वाटलेली सुकडी खाऊन जगलेली माणसे अजून आहेत. 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये दिल्लीने तीच कल्पना उचलली. पागे ना कारखानदार होते ना परदेशी विद्यापीठातले. गावात कामाविना बसलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

उलट 2024 ची युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. कामाच्या ठिकाणी शिकायचे आणि महिन्याला विद्यावेतन घ्यायचे: बारावीला 6,000, आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000, तेही सहा महिने. मुदत संपली तशी पोरे ‘कायम करा’ म्हणत रस्त्यावर आली, मग आणखी पाच महिने वाढवले. सातव्या महिन्यात काय होणार, हे आमच्या चौकातला चहावालाही सांगू शकला असता. त्याचा सल्ला फुकट मिळाला असता.

जाता जाता एक. अग्रलेखाच्या पानावर ‘सोलापुरातील यंत्रमाग कामगार’ म्हणून जो फोटो छापलात तो हातमागाचा आहे. त्यात माणूस पायाने पावड्या दाबताना स्पष्ट दिसतो. सोलापूर आवृत्तीत तरी हे बघायला कुणी नाही का? आणि मागच्या वेळी माझ्या पत्रातली पाण्याची सगळी वाक्ये ‘जागेअभावी’ गेली होती. या वेळी काही कापायचेच झाले तर मोराचे वाक्य कापा, पाण्याला हात लावू नका.

आपला,
एक टॉवेल कारखानदार
अक्कलकोट रोड, सोलापूर