खोलीची कडी

कोल्हापूर,
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. अभि,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला तू फोन ठेवलास, त्याला आज सहा दिवस झाले. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर तुझे तीन अंगठे आलेत. गुढीचा फोटो पाठवला, अंगठा. बाबांच्या गुडघ्याचा रिपोर्ट पाठवला, त्यालाही अंगठा. तिसरा कशाला होता ते मलाही आठवत नाही. प्रसाददादाचे सासरे सोमवारी तिकडं अमेरिकेला निघतायत, त्यांच्या बॅगेत कांदा-लसूण चटणी देतेय, तिच्याबरोबर हा कागद. (लिहिताना मी आले-गेले असंच लिहिते, नर्सिंग स्कूलच्या मॅट्रननं लावलेलं वळण. बोलताना मात्र आपलं आलो-गेलोच. तुझी पुण्याची मामी अजून हसते.)

आधी माझी चूक. पाडव्याला शेजारच्या काकू समोर बसलेल्या असताना मी तुला फोनवर म्हटलं, "बास झालं, गाशा गुंडाळ आणि ये." स्पीकर चालू होता. तू म्हणालास, "तू सिस्टर होतीस आई, तुला यातलं काय कळतंय." ते मी सोडून दिलं. सोडलं नाही अजून, पण सोडीन.

आता ज्यासाठी लिहितेय ते. परवा प्रसाददादाची बायको, तुझी वहिनी, बोलता बोलता म्हणाली, तू दिवसभर खाली तळघरातल्या खोलीत असतोस आणि आतून कडी लावतोस. तिकडं कडी नसते म्हणे, मुठीतच बटण असतं, ते दाबून बसतोस. ते तेवढं करू नकोस अभि. दार लोटून घे, पण कडी लावू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

१७ मार्चला तुझ्या मॅचचा निकाल होता, म्हणजे तिकडं हॉस्पिटलात काम करत शिकायची, रेसिडेन्सीची, जागा मिळाली का त्याचा. आम्ही दोघं तुळशीपाशी दिवा लावून फोनकडं बघत बसलो होतो. साडेसात वाजले, आठ वाजले, तुझा फोन नाही, तेव्हाच मी ओळखलं. बाबा म्हणाले, नेट गेलं असेल. मग ते उठून वर्कशॉपला गेले. उद्यमनगरात त्या वेळी कोण असतं? वॉचमन सांगत होता, साहेब लेथ चालू करून नुसतेच उभे होते.

त्यानंतरचे ते चार दिवस. उरलेल्या जागांसाठी ४५ प्रोग्रॅमना पुन्हा अर्ज, गुरुवारी ऑफरच्या चार फेऱ्या, आणि चारही कोरड्या. तुम्ही त्याला सोप म्हणता. बाबा अजून त्याला साबणच म्हणतात, "त्या साबणात काय झालं रं?" मी रागावले त्यांच्यावर आणि मग न्हाणीत जाऊन हसले, आणि मग हसू थांबेना. शुक्रवारी बाकीच्यांचे फोटो आले असतील, पाट्या धरलेले. ते तू बघितलेस का, हे मी विचारणार नाही.

प्रसाददादानं आकडे सांगितले. तुझ्यासारखी बाहेरच्या देशातून शिकून आलेली, तिथलं नागरिकत्व नसलेली जी मुलं बसली, त्यांच्यातल्या १०० पैकी ५८ जणांना यंदा जागा मिळाली. म्हणजे ४२ जण आत्ता तुझ्यासारखेच कुठल्या तरी नातेवाइकाच्या घरी बसलेत. त्यात सगळे काही ढ नाहीत. तिथली लायसन्सची पहिली परीक्षा, स्टेप वन, २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, मग सगळा भार स्टेप टूवर आणि शिफारशीच्या पत्रांवर आला, हे तूच मला नकाशा काढून समजावलं होतंस. दिवाळीच्या वेळी. तेव्हा तू बोलायचास.

मी वही केली आहे. हसू नकोस. निळ्या कव्हरची, तुझ्या बारावीच्या जीवशास्त्राच्या वहीची मागची पानं.

पहिलं पान तिकडचं. स्टेप थ्री दे. बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना तिथं लागतं ते ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट तुझ्या हातात आहे, तेव्हा ती देता येते, दोन दिवसांची परीक्षा, आणि पुढं एच-वन-बी व्हिसावर घेणाऱ्या प्रोग्रॅमना ती लागते. जे-वन व्हिसावर गेलास तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं. तिथल्या सगळ्या नियमांत मला आवडलेला हा एकच. सप्टेंबरात पुन्हा अर्ज करायचे असतील तर कर, पण याच वेळचे कागद परत पाठवू नकोस. तीन इंटरव्ह्यू आले होते, तिन्ही ठिकाणी पत्र घालून विचार, काय कमी पडलं. कुणी उत्तर देईल, कुणी देणार नाही. मिसुरीत म्हणे २०१४ साली कायदा झाला, रेसिडेन्सी न मिळालेल्यांना थोरल्या डॉक्टरच्या हाताखाली असिस्टंट फिजिशियन म्हणून काम करता येतं. मी दोन दिवस आनंदात होते. मग प्रसाददादा म्हणाला, मामी, त्याला तिथलं नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. खोडलं.

आणि ही ऑब्झर्व्हरशिप. पैसे आपण भरायचे, आणि पेशंटला हात लावायचा नाही, भिंतीला टेकून बघायचं. तू सांगितलंस तेव्हा मी काही बोलले नाही. पण ज्या पोरानं गगनबावड्याकडच्या त्या आरोग्य केंद्रात एकट्यानं वर्ष काढलं, त्यानं भिंतीला टेकून उभं राहायचं? शिकायला मिळतं, पत्रं मिळतात, मान्य. आणखी एक-दोन करायच्या तर कर, पण सगळं वर्ष तसं घालवू नकोस. हाताची सवय मोडते. पास होऊन किती वर्षं झाली हे ते बघतातच, पण मधल्या काळात पेशंट किती बघितले हेही बघतात ना? जूनमध्ये तिथं राहायचे तुझे सहा महिने संपतात. तोवर ठरव. म्हणजे, ठरवायला सुरुवात कर.

लेक्चर झालं. माफ कर.

त्या केंद्राचं नाव काढलं आणि ती जुलैची रात्र आठवली. एमबीबीएसनंतरच्या सरकारी बॉण्डचं वर्ष, मी तुला डबा आणि छत्री द्यायला आले आणि पावसानं अडकले. पहाटे साडेचारला त्या बाईला आणलं. पोटात दुखतंय, उलटी झाली. तिच्या दिरानं सांगितलं की पित्त आहे, इंजेक्शन द्या. अंगावर कुठंच काही खूण नाही. तू एकच विचारलंस, "झोपला कुठं होता?" ती म्हणाली, खाली, घोंगड्यावर. मग तू तिला वर बघायला सांगितलंस आणि तिच्या पापण्या पुऱ्या उघडेनात. मी दारात उभी होते. माझ्याही लक्षात आलं नव्हतं रे, चौतीस वर्षं नोकरी झालेली बाई मी. तू म्हणालास, "मण्यार. दहा व्हायल काढा." लस चालू केलीस, १०८ बोलावलीस आणि कोल्हापूरपर्यंत अॅम्ब्युलन्समध्ये श्वास द्यायची अॅम्बू बॅग स्वतः दाबत गेलास. दिवाळीला तिचा नवरा नाचणीचं पोतं घेऊन आपल्या दारात. बाबांनी वर्कशॉपमधल्या एकूण एक माणसाला त्या नाचणीची आंबील पाजली आणि प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. सांगताना साप दर वेळी वीतभर वाढायचा.

मी किती डॉक्टरांचे हात बघितलेत. सुवर्णपदकवाले बघितले, ज्यांना शीर सापडायची नाही. तुझा हात चांगला आहे. हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, डोक्यात जाईल म्हणून.

दुसरं पान इकडचं. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची, नीट-पीजीची, तारीख आलीय, १५ जून. दोन महिन्यांत २०० प्रश्नांची ती परीक्षा देणं म्हणजे पुन्हा एकदा तोंडघशी, हे मलाही कळतं, त्यामुळं यंदाचं बोलतच नाही. पुढच्या वर्षी बघ. त्याच गुणांवर डीएनबी या पदवीचं फॅमिली मेडिसिनही असतं, तीन वर्षांचं. त्याच्यासाठी मारामारी कमी, आणि तिकडं तू फॅमिली मेडिसिनलाच तर अर्ज केले होतेस. अभ्यास करता करता आरोग्य अभियानात कंत्राटी मेडिकल ऑफिसर म्हणून राहता येतं, थेट मुलाखती निघतच असतात. सरकारच्या 'आपला दवाखाना'मध्येही एमबीबीएस लागतात. शाहूवाडी, राधानगरी, डॉक्टर कुठं टिकत नाहीत ते तुला सांगायला नको. युपीएससीची डॉक्टरांसाठीची परीक्षा, सीएमएस, ३२ वर्षांपर्यंत देता येते, रेल्वेत लागतात त्यातून. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायला लागणारं प्लॅबही लिहिलंय, पहिला पेपर १८० प्रश्नांचा, दुसरा मँचेस्टरला जाऊन द्यायचा. पण तिथं आता त्यांचीच मुलं नोकरीसाठी रांगेत आहेत, हे पेपरात येतंय. एक समुद्र पोहून दमलेल्या माणसाला दुसरा दाखवायचा, हे काही बरं नाही. पब्लिक हेल्थचंही एक पान आहे, ते कोरंच आहे. ते तू भर.

महाडच्या बावस्करांचं नाव घेतलं की तू चिडतोस, म्हणून लांबवत नाही. पण १९७० च्या दशकात ते नुसते एमबीबीएस होते आणि आरोग्य केंद्रात होते, विंचू चावलेली माणसं डोळ्यांसमोर जात होती. एमडी नंतर झाले. आणि ब्लडप्रेशरची साधी गोळी, प्राझोसिन, विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी तिथल्या पेशंटांवरून दाखवलं आणि लॅन्सेटमध्ये छापून आणलं. २०२२ ला पद्मश्री. झालं, संपलं. तू बावस्कर व्हावंस असं माझं म्हणणं नाही. मला तू फोन उचललास तरी चालतंय.

वहिनीला मी परत विचारलं. म्हणाली, जेवायला हाक मारली की येतो, पण दोन-तीन हाका माराव्या लागतात. दोन-तीन हाका, म्हणजे त्या वेळेत तू काय करत असतोस? झोपलेला असतोस ना? कानात ते घातलेलं असतं ना? मी हे लिहिणार नव्हते. पाडव्याला पण हेच बोलायचं होतं आणि तोंडातून "गाशा गुंडाळ" बाहेर पडलं.

एक गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. मी नाईटला होते, तू चौथीत असशील. हॉस्टेलमधला एक रेसिडेंट राउंडला आला नाही. कुठल्या हॉस्पिटलचा, कुणाचा कोण, ते काढायचं नाही. मी वॉर्डबॉयला पाठवलं, तो परत आला, सिस्टर, कडी आतून हाय. मग आम्ही तिघांनी ते दार तोडलं. वेळेत तोडलं. बाकीचं मी तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. त्याला पीजीची सीट मिळालेली होती, अभि. सगळा जिल्हा ज्या सीटसाठी देव पाण्यात घालून बसतो, ती सीट. छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी आणि वर सिनियरांच्या शिव्या, आणि विचारणारं कुणी नाही, मीसुद्धा नाही. रोज त्याच्या हातात केसपेपर देत होते मी.

त्यानं पुढं ती सीट सोडली. लोक म्हणाले, वाया गेला. आता पुण्यात एका कंपनीत आहे. कुठल्या औषधानं कुणाला काय त्रास झाला याचे रिपोर्ट वाचतो आणि खरंच औषधानं झाला की आजारानं, ते ठरवतो. फार्माकोव्हिजिलन्स, शब्द मला त्यानंच लिहून दिला. एमबीबीएसवर घेतात. दर दिवाळीला फोन करतो, पोरीला फोनवर आणतो. मागच्या आठवड्यात मीच त्याला फोन केला, पहिल्यांदाच. तुझ्याबद्दल सांगितलं. रागावलास तर रागाव. तो म्हणाला, नंबर द्या त्याला, कधीही करू दे, रात्री पण. चटणीच्या डब्यावर चिकटवला आहे.

बाबांचा निरोप. पाचगावच्या विकलेल्या प्लॉटचं मनात आणायचं नाही. "त्यात पावसाळ्यात गवातच उगवत हुतं," म्हणाले. आणि म्हणाले, "पोरगं हाय आपलं, शर्यतीचं घोडं न्हाई." मग माझ्याकडं बघून, "हे लिहू नको, त्याला रडू येईल." लिहिलं.

येत्या शनिवारी जोतिबाची यात्रा. आपल्या गल्लीतली पोरं चालत जातायत, तुझ्या नावानं गुलाल-खोबरं उधळायला सांगितलंय. नवस केलेला नाही. मागच्या वर्षी केला होता तुझ्या मॅचचा, देवाला उगीच अवघडल्यासारखं झालं असेल.

तिथं राहायचं ठरवलंस तर राहा. मी पुन्हा गाशाचं काढणार नाही. यायचं ठरवलंस तर मुंबईला घ्यायला येऊ, आणि काकूंना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. तिसरं काही ठरवलंस तर तेही वहीत लिहीन, पानं आहेत अजून. फक्त ते बटण

राहू दे. किती वेळा लिहू.

तुझी,
आई

ता. क. – चटणीत यंदा तेल जास्त झालंय, बाहेर ठेवलीस तर खवट होईल. फ्रिजमध्येच ठेव. फ्रिज वरच्या मजल्यावर आहे, मी वहिनीला विचारून घेतलंय.